कुकरचं रबर आणि गाडीचं पॅकिंग

कुकरच्या झाकणाचं रबर बदलायला झालं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. शिट्टी व्हायच्या आधीच कडेनं वाफ फुसफुसायला लागते, वरण शिजायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, झाकणाखालून पिवळं पाणी ओघळतं, आणि आपण ओळखतो की रबर कडक झालं. मग काय करतो? बाजारातून नवीन रबर आणतो, आपल्याच कुकरच्या मापाचं. जुन्या रबराला डिंक लावून बसवत नाही, की झाकणाच्या कडेला लांबी भरत नाही. एवढं ज्या बाईला कळतं तिला मोटारीचं पॅकिंग कळायला मुळीच अवघड नाही.

आता तुमच्यापैकी काहीजणी म्हणतील, हा विषय या पानावर कशाला? तर त्याचं असं आहे मैत्रिणींनो, की गाडी आता घरातलीच एक वस्तू झाली आहे आणि गॅरेजमध्ये ती नेऊन सोडायचं काम पुष्कळ घरांत आपल्याकडे आलं आहे. ह्यांना ऑफिसातून निघता येत नाही, मुलं क्लासला, सासऱ्यांना गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केलेली. गॅरेजमधला माणूस आपल्याला सांगतो, "ताई, इंजिनाचं तेल गळतंय, पॅकिंग गेलंय. नवीन टाकू का सोल्युशन मारून देऊ?" आणि आपण फोन लावतो ह्यांना. ह्यांनाही त्यातलं आपल्याइतकंच कळत असतं! "बघ, स्वस्तात काय होतं ते कर," असं उत्तर येतं. या एका वाक्यानं नंतर दहापट खर्च झालेली घरं मी पाहिली आहेत.

मी शाळेत अर्धवेळ इतिहास-मराठी शिकवते, यंत्रशास्त्र माझा विषय नव्हे. पण आमच्या गावातले एक वयस्कर मिस्त्री आहेत, त्यांच्या गॅरेजात बाकावर बसून जे पाहिलं, विचारलं, आणि गाडीबरोबर मिळणारं पुस्तक जे मी (घरात बहुधा मी एकटीनंच) वाचलं, त्यावरून सांगते.

इंजिन हा काही एकसंध ओतलेला गोळा नसतो. तो चार-पाच मोठ्या तुकड्यांचा बनलेला असतो आणि ते बोल्टांनी आवळलेले असतात. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत केले तरी त्यांत बारीक खाचखळगे राहतातच. एका स्टीलच्या डब्यावर दुसरा डबा उपडा घातला तर पाणी झिरपायचं राहत नाही ना, तसंच. त्यात इंजिन तापतं, फुगतं, गार होतं, आकसतं. म्हणून त्या दोन भागांच्या मध्ये काहीतरी मऊ, दाबलं की बसणारं असं घालावं लागतं. ते दोन तऱ्हेचं असतं. एक तयार कापलेलं: कागदाचं, बुचाच्या लाकडाचं, रबराचं, तांब्याचं नाहीतर पोलादी पत्र्याचं. यालाच गॅस्केट म्हणतात; आपल्याकडे गॅरेजमध्ये बहुतेकजण पॅकिंग म्हणतात. दुसरं म्हणजे ट्यूबमधून पिळून लावायचा लगदा, जो जागेवरच घट्ट होतो. याला कुणी सोल्युशन म्हणतं, कुणी सिलिकॉन, तर कुणी अनाबॉन्ड. हे शेवटचं खरं तर एका कंपनीचं नाव आहे, पण डालडासारखं ते सगळ्यांनाच चिकटलं.

स्वयंपाकघरातली जोडी हवी असेल तर कुकरचं रबर म्हणजे गॅस्केट. आणि दम बिर्याणी करताना हंडीच्या झाकणाला कडेनं कणकेचा गोळा लावून आपण जे बंद करतो, ते सोल्युशन. कणीक फक्त त्या एका वेळेपुरती असते. झाकण उघडलं की ती मोडली, पुन्हा लावायची तर नवीन कणीक. सोल्युशनचंही अगदी तसंच. एकदा कव्हर उघडलं की जुनं सगळं खरवडून काढायचं आणि नवीन लावायचं. जुन्यावरच वरून आणखी एक थर फासला तर तो टिकत नाही.

आता मुख्य प्रश्न. कुठे काय?

सगळ्यांत आधी हेड गॅस्केट. इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक आणि वरचा म्हणजे हेड, या दोहोंच्या मध्ये हे असतं. याच्यावर इतकं ओझं असतं की ऐकून आपल्याला घाम फुटावा. आपल्या कुकरमध्ये वाफेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो. पेट्रोल पेटतं त्या क्षणी इंजिनात याच्या चाळीस-पन्नासपट किंवा त्याहूनही जास्त दाब होतो, आणि पेटलेल्या वायूची उष्णता क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. शिवाय याच एका पातळ पत्र्याला तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवायच्या असतात: आतली आग, गार करणारं पाणी आणि तेल. सिलिकॉनचं सोल्युशन, चांगल्यातलं चांगलं घेतलं तरी, ३०० ते ३५० अंशांच्या पलीकडे तग धरत नाही. म्हणून इथे सोल्युशनचा प्रश्नच येत नाही. नवीन गाड्यांचं हेड गॅस्केट पोलादाचे पातळ पत्रे एकावर एक ठेवून केलेलं असतं, त्याच्यावर कंपनीनंच लेप दिलेला असतो, आणि ते कोरडंच बसवायचं. काही गाड्यांत एखाद-दुसऱ्या कोपऱ्यावर, जिथे पुढचं कव्हर येऊन मिळतं तिथे, एक ठिपका लावायला कंपनी स्वतः सांगते, तेवढाच. जुनं हेड गॅस्केट पुन्हा वापरायचं नाही, मग ते दिसायला कितीही चांगलं असो. एकदा दाबलं गेलं की त्यातली लवचिकता संपली.

आणखी एक. नुसतं नवीन गॅस्केट घालून भागत नाही. इंजिन तापल्यामुळे ते गेलं असेल, तर हेड वाकलेलं असण्याचा फार संभव असतो. हेड सरळ पट्टीनं तपासायचं, वाकलं असेल तर कारखान्यात देऊन घासून सपाट करून घ्यायचं. बोल्ट आवळायचे तेही मधून सुरू करून बाहेर बाहेर, दोन-तीन टप्प्यांत, मोजून आवळणाऱ्या पान्यानं. सतरंजीची सुरकुती आपण मधून कडेकडे काढत नेतो ना, तसं. पुष्कळ गाड्यांचे हे बोल्ट एकदा आवळले की ताणले जातात, ते नवीनच घ्यावे लागतात. बिलात बोल्टांचे पैसे वेगळे दिसले तर लगेच लुबाडलं असं समजू नका. गाडीच्या पुस्तकात बघा.

हे गॅस्केट गेल्याची लक्षणं माहीत असू द्या. गाडी वारंवार तापते. पाणी कमी होतं, पण खाली थेंब दिसत नाही. इंजिन चांगलं गरम झाल्यावरही मागून पांढरा, जरा गोडसर वासाचा धूर येतच राहतो. पाण्याच्या डबीत बुडबुडे येतात. तेल घालायच्या झाकणाखाली आणि तेलाच्या पट्टीवर कॉफीच्या फेसासारखं काहीतरी दिसतं. यातलं शेवटचं लक्षण मात्र एकट्यावर धरू नका. गाडी फक्त शाळा-बाजार एवढीच फिरत असेल, तर थंडी-पावसाळ्यात नुसत्या दमटपणानंही झाकणाला तसा फेस धरतो. पट्टीवरही दिसला, पाणीही कमी झालं, तर मात्र गाडी चालवतच गॅरेजात नेण्याचा मोह टाळा, ओढून न्या. आणि तापलेल्या गाडीचं पाण्याचं झाकण कधीही उघडू नका. कुकरची शिट्टी उचलून पाहण्याइतकंसुद्धा ते सोपं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. जाता जाता हेही सांगते, ते रंगीत पाणी चवीला गोड आणि पोटात गेलं तर विषारी असतं. उरलेलं पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायची पुरुषमंडळींना सवय असते. ठेवू देऊ नका.

आता अगदी उलट जागा. इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारं जे भांडं असतं, ज्याला आपल्याकडे चेंबर म्हणतात, त्याला पूर्वी बुचाच्या लाकडाचं नाहीतर रबराचं पॅकिंग असायचं. आताच्या बऱ्याच गाड्यांत तिथे पॅकिंग नसतंच. कारखान्यातूनच ते सोल्युशन लावून येतं. पुढच्या साखळीच्या कव्हराचंही पुष्कळदा तसंच. तेव्हा तिथे मेकॅनिक ट्यूब घेऊन बसला म्हणजे जुगाड करतोय असं नाही. तेच बरोबर आहे. उलट अशा जागी बाजारातून कुठलंतरी कागदी पॅकिंग कापून घातलं तर दोन भागांतलं अंतर बदलतं आणि गळती नव्यानं सुरू होते. म्हणजे "पॅकिंग चांगलं, सोल्युशन वाईट" असा सरधोपट नियम नाहीच. गाडी बनवताना त्या सांध्यात जे घातलं होतं, तेच परत घालायचं.

आणि काही ठिकाणी दोन्ही लागतात. इंजिनाच्या अगदी वर जे झाकण असतं, टॅपेट कव्हर, त्याला रबराचं पॅकिंग असतं. ते खाचेत कोरडंच बसवायचं. पण जिथे दोन भागांचा सांधा येतो किंवा अर्धचंद्रासारखं वळण असतं, तिथे रबर नीट टेकत नाही. त्या कोपऱ्यावर तुरीच्या डाळीएवढा ठिपका लावायचा. सगळ्या कडेनं लावलं तर रबर त्याच्यावर घसरतं आणि आवळताना बाहेर येतं. हे पॅकिंग गेल्याची खूण म्हणजे गाडी थांबवल्यावर करपल्याचा वास, कारण तेल ओघळून धुराच्या तापलेल्या नळीवर पडतं. पेट्रोल गाडीत प्लग ज्या खोल भोकांत असतात तिथेही कधीकधी तेल साचतं आणि गाडी झटके देते. त्याची छोटी रबरं वेगळी असतात, तीही त्याच वेळी बदलून घ्यावी. झाकण एकदा उघडलंच आहे, मजुरी दोनदा कशाला?

जुन्या गाड्यांना, पाण्याच्या पंपाला वगैरे, कागदी पॅकिंग असे. आमचे मिस्त्री अजूनही कधीमधी जाड कागद त्या भागावर ठेवून कडेकडेनं हातोडीनं हलकेच ठोकून हुबेहूब पॅकिंग कापतात. बघत राहावं असं काम आहे. त्याला ते शेलॅक लावतात. शेलॅक म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपली लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली! पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी. जिच्या बांगड्या होतात, जिनं पूर्वी पार्सलावर मोहोर उठवत, तीच लाख मोटारीच्या इंजिनात बसली आहे हे पाहून मला फार गंमत वाटली. जुन्या गाड्यांच्या कागदी पॅकिंगला ती चालते. नव्या गाडीच्या रबरी नाहीतर पोलादी पॅकिंगला ती लावू लागले तर नको म्हणा.

जुन्या गाडीचं, विशेषतः आजोबांच्या वेळची जपून ठेवलेली पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसॅडर असेल तर तिचं पॅकिंग घरच्या अंगणात कुणी खरवडायला बसलं, तर मुलांना लांब ठेवा. त्या काळच्या बऱ्याच पॅकिंगांत आणि ब्रेकमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. त्याची कोरडी धूळ फुप्फुसात जाणं वाईट. ओलं करून काढायचं, झाडूनं उडवायचं नाही.

काही जागा अशा की जिथे सोल्युशन मुळीच नको. धुराच्या नळीचा इंजिनाकडचा सांधा फार तापतो. तिथे सिलिकॉन जळून जातं आणि सांधा पुन्हा उघडा. हा सांधा गळका राहिला तर नुसता आवाज येतो असं समजू नका. तो धूर, त्यातला कार्बन मोनॉक्साइड, गाडीच्या आत येऊ शकतो. त्याला वास नसतो. मागे लहान मूल झोपलेलं, काचा बंद. इथे धातूचं पॅकिंग नवीनच हवं. पेट्रोल जिथे लागतं तिथेही साधं सिलिकॉन नको, पेट्रोलनं ते फुगतं आणि सुटतं. गोल रबरी कड्या असतात (आपल्या गॅसच्या सिलिंडरच्या तोंडाशी असते तशी) त्यांनाही लगदा लावायचा नसतो. आणि तेलाचा फिल्टर! त्याच्या रबराला फक्त ताज्या तेलाचं एक बोट फिरवायचं आणि हातानं आवळायचं. मात्र जुन्या फिल्टरचं रबर इंजिनालाच चिकटून राहिलेलं नाही ना, हे बघायला हवं. ते राहिलं आणि त्यावर नवीन बसवलं, तर दोन रबरं एकमेकांवरून सटकतात आणि सगळं तेल मिनिटभरात रस्त्यावर. तेल सोडायच्या बोल्टाखाली एक तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची चकती असते. ती दर वेळी नवीन घालावी. चहाच्या कपापेक्षा फार महाग नसते.

आता ज्या कारणानं हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते. आमच्या वन्संच्या गाडीच्या चेंबरला गळती होती. भाऊजी बाहेरगावी. वन्संनी गाडी जवळच्याच एका गॅरेजात दिली. त्यानं चेंबर काढलं, जुनं अर्धवट खरवडलं आणि श्रीखंडाच्या वडीसारखा जाड थर चारी बाजूंनी फासून चेंबर लावून दिलं. बाहेरून काळी जाड किनार दिसत होती. वन्सं खूशसुद्धा होत्या, "भरपूर लावलंय हो, कंजूषपणा केला नाही." तेलाचा एक थेंबही गळेना. तीन-चार महिन्यांनी नगरहून येताना समोरच्या तबकडीवर लाल दिवा लागला, तेलाच्या झारीचं चित्र असतं तो. बरोबर सासूबाई. रस्त्यात कुठे थांबायचं, संध्याकाळ झालेली, म्हणून त्या तशाच पुढच्या गावापर्यंत आल्या. गावात शिरताशिरता इंजिनातून खडखडाट सुरू झाला आणि ते जे बंद पडलं ते पडलंच.

इंजिन उघडलं तेव्हा कळलं. जितकं सोल्युशन बाहेर आलं होतं तितकंच आतही दाबलं गेलं होतं. करंजीत सारण जास्त झालं की कड बंद करताना ते जसं दोन्हीकडे बाहेर येतं, तसं. आतला तो शेवयांसारखा भाग तेलानं सुटला, त्याचे तुकडे झाले आणि तेल वर खेचणाऱ्या नळीच्या तोंडाशी जी जाळी असते, तिच्यावर जाऊन बसले. चेंबरात तेल भरपूर, पण वर पोचत नव्हतं. बेअरिंगं गेली, क्रँक खराब झाली. खर्च किती झाला तो आकडा वन्संनी मला सांगितला नाही आणि मी विचारला नाही. भाऊजींनी मात्र "गाडी तुझ्या हातात दिली आणि…" हे वाक्य पुढे सहा महिने ऐकवलं. मला त्याचा आजही राग येतो. सोल्युशन फासलं कुणी, आणि बोल कुणाला! दिवा लागल्यावर काय करायचं हे त्यांना तरी कुणी कधी सांगितलं होतं?

तेव्हा मी सांगते. तेलाच्या झारीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला की जिथे असाल तिथे, सुरक्षित कडेला घेऊन, इंजिन बंद करायचं. पुढचा पेट्रोल पंप नाही, पुढचं गाव नाही. मिनिटा-दोन मिनिटांचा प्रश्न असतो. इतर बरेच दिवे वाट बघतात, हा बघत नाही.

सोल्युशन लावायचं कसं, हे आपल्याला स्वतःला करायचं नाही, पण होताना बघता यावं म्हणून. दोन्ही पृष्ठभाग आधी पूर्ण साफ, कोरडे, तेलाचा अंशही नको. तुपकट ताटलीवर चिकटपट्टी लावून बघा, टिकते का? साफ करताना अ‍ॅल्युमिनियमवर खरखरीत चकती फिरवू नये. त्यानं पृष्ठभाग उतरतो, आणि जी धूळ आत पडते ती पुन्हा इंजिनच खाते. मग एकच अखंड रेघ, साधारण तीन मिलिमीटर जाडीची, म्हणजे जाड शेवेएवढी, बोल्टांच्या भोकांच्या आतल्या बाजूनं. वर साय धरायच्या आत कव्हर बसवायचं. दहा-एक मिनिटांत साय धरते. तोवर मेकॅनिक चहा प्यायला गेला तर ती रेघ पुसून पुन्हा लावायला सांगा. हा लगदा हवेतल्या दमटपणानं घट्ट होतो, म्हणून कोरड्या हवेत त्याला जास्त वेळ लागतो. पूर्ण पक्का व्हायला बहुतेक ट्यूबांवर २४ तास लिहिलेलं असतं. "संध्याकाळी घेऊन जा ताई" म्हणाले तर आपणच म्हणावं, "नको, उद्या संध्याकाळी नेते, तेल उद्याच भरा." काम घाईत करून घेणारं गिऱ्हाईक आपणच असतो पुष्कळदा, सगळा दोष त्यांचा नाही.

ट्यूबवरची तारीख बघावी. मुदत संपलेली ट्यूब घट्टच होत नाही. आणि वास. काही सिलिकॉनला उघडल्याबरोबर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, बाथरूमच्या फरशीच्या फटी भरायला आणतो त्यातल्या काहींना येतो तोच. तसलं इंजिनाला नको. त्यातल्या आम्लानं धातू गंजतो आणि धुराच्या नळीतलं जे नाजूक सेन्सर असतं तेही बिघडतं. गाडीसाठीच्या ट्यूबवर सेन्सरला चालतं असं लिहिलेलं असतं. काळं, करडं, लाल असे रंग असतात. लाल सहसा जास्त उष्णतेसाठी असतं, पण रंगांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, म्हणून रंगापेक्षा मजकूर वाचावा.

एक गोष्ट पुष्कळ मेकॅनिकही विसरतात. इंजिनाला श्वास सोडायला एक नळी असते. ती तुंबली की आतला दाब वाढतो आणि जिथे वाट मिळेल तिथून तेल ढकलतो. मग टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदला, चेंबरला सोल्युशन लावा, दोन महिन्यांत पुन्हा गळती. शिट्टीची नळी तुंबलेली असताना कुकरचं रबर बदलण्यासारखंच हे. दुसऱ्यांदा गळती आली तर "श्वासाची नळी, पीसीव्ही वाल्व्ह बघितलात का?" एवढं विचारा. विचारणारी बाई पाहून ते जरा सावरून बसतात, हा माझा अनुभव. तसंच "आणखी आवळून देतो" हाही उपाय नव्हे. पत्र्याचं चेंबर जास्त आवळलं की भोकांपाशी वाकतं आणि मधे फट पडते.

आता आपल्या लाडक्या जुगाडांविषयी. गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकायची युक्ती ट्रकवाल्यांपासून सगळ्यांना माहीत आहे, आणि ती चालतेही! हळद फुगून बारीक भोकात बसते. पण तीच हळद रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते, आणि मग गाडी तापते. आडरानात अडकलात तर घरी पोचण्यापुरती ठीक, नंतर सगळं धुऊन घेऊन रेडिएटर दुरुस्त करायचा. बाजारात गळती थांबवणारी तयार बाटली मिळते तिचंही तेच. पेट्रोलच्या टाकीच्या चिरेवर कपडे धुण्याच्या साबणाची वडी घासतात, कारण साबण पेट्रोलात विरघळत नाही. तेही गॅरेज गाठेपर्यंतच. एम-सील बादलीला, नळाच्या सांध्याला उत्तम. तापणाऱ्या, थरथरणाऱ्या इंजिनाच्या सांध्यावर ते तडकतं, आणि पुढच्या वेळी काढताना छिन्नी लागते.

गॅरेजात गेल्यावर मी तीन गोष्टी करते. कुठल्या सांध्याचं पॅकिंग आणि कंपनीनं तिथे काय दिलेलं आहे, हे विचारते. काढलेलं जुनं पॅकिंग परत मागते, पिशवीत घालून. आणि बिलावर "इंजिन काम" असं मोघम न लिहिता भागाचं नाव लिहून घेते. हेड गॅस्केटच्या कामात गॅस्केटपेक्षा मजुरीच जास्त असते, म्हणून गॅस्केटमध्ये पैसे वाचवण्यात काहीच अर्थ नाही, चांगलं घ्या.

दोन पत्रांना उत्तरं देऊन थांबते.

एका भगिनीनं विचारलं आहे की गाडीखाली डाग दिसतो, तो कशाचा हे कसं ओळखावं? रात्री गाडीखाली खोक्याचा पांढरा पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी काळपट-तपकिरी, बोटाला बुळबुळीत डाग म्हणजे इंजिनाचं तेल. हिरवा किंवा गुलाबी, पाण्यासारखा पण चिकट, म्हणजे रेडिएटरचं पाणी. लालसर तेल गिअरचं किंवा स्टिअरिंगचं असू शकतं. एसी लावून आल्यावर पडलेलं स्वच्छ पाणी म्हणजे काहीच नाही, फ्रीजमागच्या पाण्यासारखंच ते. चाकाजवळ पडलेलं तेलकट पाणी ब्रेकचं असू शकतं. तसं असेल तर गाडी हलवूच नका, मेकॅनिकला घरी बोलवा. पुठ्ठ्यावर गाडीचं तोंड कुठल्या बाजूला होतं त्याची खूण करून तोच मेकॅनिकला दाखवा. तेल वाऱ्यानं मागे आणि वजनानं खाली येतं, म्हणून डागाच्या बरोबर वर गळती असेलच असं नाही. सगळ्यांत वरचा ओला भाग कोणता ते शोधायला सांगा.

दुसऱ्या भगिनीची समोरची काच बदलली आणि पहिल्याच पावसात पायाशी पाणी आलं. दुकानदार म्हणतो वरून सिलिकॉन मारून देतो. देऊ नका मारू. पूर्वीच्या गाड्यांना काचेभोवती रबराची पट्टी असे, तिथे ते खपायचं. आताची काच पॉलियुरेथेन नावाच्या खास चिकटद्रव्यानं चिकटवलेली असते. ती नुसती पाणी अडवत नाही, गाडीच्या सांगाड्याला बळकटीही देते, अपघातात पुढच्या सीटवरच्या माणसाला बाहेर फेकलं जाण्यापासून अडवते. वरून लावलेल्या सिलिकॉननं पाणी चार दिवस थांबेल, काच नीट चिकटली नसेल तर ती तशीच राहील, आणि पुढे खरं काम करताना सिलिकॉनवर ते द्रव्य धरत नाही. काच काढून, जुनं साफ करून पुन्हा बसवायला सांगा, तुमचं बिल दाखवून, आणि चिकटद्रव्यावर लिहिलेले तास पूर्ण होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.